खानदेशी वृत्तपत्रांचा माग आणि इंटरनेट अर्काइव्ह : कामाचं, पण अर्ध्या वाटेपर्यंत

खानदेशातल्या पत्रकारितेवर प्रबंध लिहायचा म्हटलं की अस्सल साधनांसाठी हल्ली पहिला सल्ला मिळतो, ‘अर्काइव्हवर बघ.’ इंटरनेट अर्काइव्ह म्हणजे जुनी पुस्तकं-मासिकं स्कॅन करून ठेवणारी वेबसाइट. ते फुकट आहे, मोबाइलवर उघडतं आणि भुसावळहून मुंबईची गाडी धरावी लागत नाही. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन तारे.

तारे कापले ते मुख्यतः एका कारणासाठी. जुन्या साप्ताहिकांच्या सलग फायली इथे मिळतील, ही आशा सोडून द्यावी. इथला मराठी साठा बराचसा डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पाच्या स्कॅनिंगमधून आलेला आहे, म्हणजे ग्रंथालयांच्या कपाटातली पुस्तकं आणि काही बांधीव मासिकं. मोठ्या आकाराचं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटणारं वर्तमानपत्र त्या यंत्रावर क्वचितच गेलं. मात्र वर्तमानपत्रांविषयी इतरांनी केलेल्या नोंदी भरपूर आहेत. सुरुवात १८८० सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरपासून, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथापासून करावी. त्याचा १२वा खंड खानदेशचा. त्यातलं शिक्षणाचं प्रकरण शेवटपर्यंत वाचा. ग्रंथालयं आणि वृत्तपत्रं तिथेच येतात, वेगळं प्रकरण शोधत बसू नका.

शोधताना बहुतेकांची गाडी स्पेलिंगवर अडते. इंग्रजी नोंदींत धुळ्याचं ‘धुलिया’ असतं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कागदांत खानदेश बऱ्याचदा ‘केएच’ने नव्हे, ‘सी’ने किंवा नुसत्या ‘के’ने सुरू होतो. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यामुळे त्यापुढचं अमळनेर, जळगाव, भुसावळ पूर्व खानदेशात शोधायचं. धुळे, नंदुरबार पश्चिमेत. नुसतं ‘जळगाव जिल्हा’ टाकून स्वातंत्र्यापूर्वीचं काही हाती लागलं नाही, तर साधन नाही असं समजू नये.

देवनागरीतल्या मजकुराचा शोध घेताना १९६२ पूर्वीचं शुद्धलेखन डोक्यात हवं. ‘जळगांव’, ‘धुळें’, ‘खानदेशांत’ असे अनुस्वार देऊनही शोधा. तरीही निकाल कोरा आला तर दोष स्कॅनचा असू शकतो. जुन्या अपलोडच्या वेळी अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला देवनागरी येतच नव्हती, आणि अशा फायलींत मजकुराच्या जागी ‘ही भाषा ओळखता येत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ बसलेली असते. नंतरच्या फायलींत ओळख बरी आहे, पण छापखान्याच्या झिजलेल्या खिळ्यांनी उमटलेली जोडाक्षरं तिथेही गडबडतात. शिळाछापाची, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईची तर बातच सोडा. तिथे पान न् पान डोळ्यांनीच चाळावं लागतं.

तारखा हा दुसरा सापळा. मुखपृष्ठावर शके असेल तर इसवी सन काढायला चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. साइटवर दिलेल्या सालावर विसंबू नका. बांधीव खंडात दोन-तीन वर्षांचे अंक एकत्र शिवलेले असतात आणि साल मात्र एकच टाकलेलं असतं. शिवाय पानाच्या वेबपत्त्यात ‘एन’ या अक्षरापुढे येणारा आकडा चित्राचा क्रमांक आहे, छापील पानाचा नाही. संदर्भ देताना वर्ष, अंक, छापील पान आणि फाइलचा आयडी असे चारही लिहा.

डाउनलोड करताना पीडीएफवर जाहिरातीची बारीक अक्षरं वाचता येत नसतील, तर सगळ्या फायलींची यादी उघडून जेपी२ची झिप, म्हणजे पानांच्या मोठ्या चित्रांचा गठ्ठा घ्यावा. पण मूळ अपलोडच पीडीएफ असेल, तर ही जड फाइल त्याच पीडीएफवरून काढलेली असते, डेटा फुकट जातो. हवं ते उतरवून मात्र जरूर ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यानंतर ही साइट काही दिवस बंद होती.

स्कॅनमध्ये जे नसतं ते जास्त खुपतं. बांधणीवाले मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकत. वर्गणी, टपाल हशील, जाहिरातीचे दर नेमके त्यांवरच छापलेले. पत्रकारितेच्या इतिहासाचा हिशेब तिथेच हरवतो! शेवटचं पान शाबूत असेल तर आधी तळची ओळ वाचा. १८६७च्या कायद्याने मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचं ठिकाण छापणं बंधनकारक होतं. त्या ओळी सालवार उतरवल्या की छापखाना कधी हलला, कोणाकडे गेला, हे कळतं.

पुढची अर्धी वाट पायांनीच. इंग्रज सरकारचे देशी वृत्तपत्रांवरचे अहवाल मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात मागा. त्यांतल्या याद्यांत पत्राचं गाव, संपादकाची जात, वय आणि खपाचा आकडाही मिळतो. खपाचा आकडा अंदाजाचाच धरावा, आणि भाषांतरित उतारे सरकारला जे टोचलं त्याचे आहेत हे विसरू नये. बाजारभाव नि गावच्या बातम्या त्यांत शोधू नका.

अर्काइव्हवर बसण्याआधी नावांची यादी हवी. दाते, काळे, बर्वे यांची १८०० ते १९५० मधल्या मराठी नियतकालिकांची सूची त्यासाठीच आहे. नारायण नरसिंह फडणीसांची जळगावची ‘काव्यरत्नावली’ (१८८७) आणि साने गुरुजींचं अमळनेरचं साप्ताहिक ‘काँग्रेस’ (१९३८) ही दोन नावं घेऊन सराव करून पाहावा. जळगावचं वल्लभदास वालजी (व. वा.) वाचनालय, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ इथे चौकशी करताना ‘जुने पेपर आहेत का’ असं मोघम विचारू नका. पत्राचं नाव आणि साल कागदावर लिहून न्या, आणि ‘बांधीव फाइल’ मागा. फोटो काढायची परवानगी आधी घ्या, फ्लॅश बंद ठेवा. फाइल शिवणीपाशी दाबून सपाट करायची नाही; कागद तिथेच तुटतो.