बदकाच्या पिल्लांना नायसिन कशातून द्यावे: यीस्ट, बाटलीतले बी-कॉम्प्लेक्स की हिरवा पाला?

नाशिकच्या बाजारात कोंबडीखाद्याला तोटा नाही. बदकाच्या पिल्लांसाठी म्हणून वेगळे खाद्य मागितले, तर मात्र बहुधा ब्रॉयलर स्टार्टरचेच, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांच्या खाद्याचेच, पोते पुढे येते आणि त्यासोबत जीवनसत्त्वांची एखादी बाटली. पोते घेण्यास हरकत नाही. बाटली घ्यावी की नाही आणि घेतल्यास कशासाठी, हा प्रश्न शेततळ्याच्या काठी वीस-पंचवीस पिल्ले वाढवू पाहणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वीच सोडवलेला बरा.

कोंबडीच्या खाद्यावर बदकाचे पिल्लू वाढते. पण एका जीवनसत्त्वाच्या बाबतीत दोघांची गरज सारखी नाही. ते म्हणजे नायसिन, अर्थात ब-३. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत पेकिन या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या बदकाच्या जातीसाठी किलोभर खाद्यात ५५ मिलिग्रॅम नायसिन सांगितले आहे, तर पहिल्या तीन आठवड्यांच्या ब्रॉयलर पिल्लासाठी ३५ मिलिग्रॅम. कोंबडी प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासून थोडेफार नायसिन स्वतः तयार करून घेते. बदकाच्या यकृतात हा मार्ग फार तोकडा आहे. त्यातच मक्यातले बरेचसे नायसिन बद्ध स्वरूपात असल्याने पिल्लाच्या अंगी लागत नाही. येवला-निफाडकडे घरचा मका असतो, म्हणून नुसत्या भरड्यावर पिल्ले वाढवण्याचा मोह होतो. पण पाय वाकणे, घोट्याचा सांधा सुजणे, चालताना डुलणे आणि वाढ खुंटणे यांची सुरुवात बहुतेकदा अशाच खाद्यातून होते.

नायसिन भरून काढण्याचा पहिला मार्ग ब्रुअर्स यीस्टचा, म्हणजे बिअर बनवताना वापरल्या जाणाऱ्या यीस्टचा. या सुकवलेल्या यीस्टच्या किलोमागे साधारण ४५० मिलिग्रॅम नायसिन असते. म्हणजे किलोभर खाद्यात ५० ग्रॅम यीस्ट मिसळले, तर वीस-बावीस मिलिग्रॅमची भर पडते आणि स्टार्टरमधील ३५ धरून हिशेब पंचावन्नाच्या आसपास पोहोचतो. दहा किलो खाद्याला अर्धा किलो यीस्ट, इतके ते सोपे आहे. चांगल्या खाद्यात नायसिन मुळातच ३५ पेक्षा जास्त घातलेले असू शकते, तेव्हा पोत्यावरचे लेबल वाचून हे प्रमाण कमी करता येते. मात्र आरोग्यपूरक म्हणून विकली जाणारी डबाबंद पावडर महाग पडते, म्हणून पशुखाद्याचा कच्चा माल विकणाऱ्याकडे चौकशी करावी. पावासाठीचे जिवंत यीस्ट मात्र हे नव्हे. ओल्या खाद्यात ते फसफसते.

दुसरा मार्ग पाण्यातून द्यायच्या बी-कॉम्प्लेक्सचा. ओतले की झाले, ही त्याची सोय खरी. पण बदकाचे पिल्लू पाणी पिते त्याहून अधिक सांडते, त्यात चोच धुते आणि संधी मिळाली तर त्यातच बसते. त्यामुळे पोटात किती गेले, हे कोणालाच सांगता येत नाही. भांडे उन्हात राहिले, तर त्याच द्रावणातले रायबोफ्लेविन (ब-२) प्रकाशाने नासते. शिवाय बाटलीबाटलीत निकोटिनामाइडचे (नायसिनच्याच एका रूपाचे) प्रमाण निरनिराळे असते, तेव्हा ५ मिलिलिटरमध्ये ते किती मिलिग्रॅम आहे, हा आकडा लेबलवर शोधावा. तो आकडाच नसेल, तर बाटली दुकानातच ठेवावी. निरोगी पिल्लांसाठी म्हणूनच मी यीस्टच्या बाजूने कौल देईन.

शुद्ध नायसिनची भुकटी हिशेबाने सर्वांत स्वस्त. पण दहा किलो खाद्याला जेमतेम २०० मिलिग्रॅम लागते. घरच्या तराजूवर ते मोजता येत नाही आणि सारखे मिसळणे त्याहून कठीण. शंभर पिल्लांच्या आत तिच्या वाटेला जाऊ नये.

हिरव्या पाल्याबद्दल मात्र आपल्याकडे भाबडा विश्वास आहे. लसूणघास, शेवग्याचा पाला, पाण्यावर तरंगणारा अझोला हे सारे उपयुक्त आहे. त्यातून कॅरोटीन मिळते, पिल्ले चरण्यात रमतात आणि एकमेकांची पिसे ओढत नाहीत. पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे मूठभर अझोल्यातून येणारे नायसिन नगण्य. गोदावरीच्या फुगवट्याजवळ चिखलात गोगलगायी, किडे, अळ्या टिपणाऱ्या बदकांची गोष्ट वेगळी. त्यांचे नायसिन त्या शिकारीतून येते. द्राक्षबागेसाठी खोदलेल्या, प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात ही शिकार फारशी नसते. (त्याच्या निसरड्या काठावरून लहान पिल्लाला वर येता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.) सुकटीतले नायसिन अंगी लागणारे असते, पण मिठात वाळवलेली सुकट नको, पिल्लांना जास्त मीठ सोसत नाही.

खनिजांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: चांगल्या स्टार्टरवर वेगळे मिनरल मिक्श्चर घालू नये. जनावरांच्या मिश्रणात सुमारे एक पंचमांश कॅल्शियम असते. ते किलोमागे २० ग्रॅम घातले, तर खाद्यातले कॅल्शियम ०.४ टक्क्याने वाढते. पेकिन पिल्लाची गरज ०.६५ टक्क्याची आणि ब्रॉयलर स्टार्टरमध्ये ते आधीच एक टक्क्याच्या घरात. अंड्यावरच्या कोंबड्यांचे लेअर खाद्य याच कारणाने पिल्लांना वर्ज्य. त्यातल्या साडेतीन-चार टक्के कॅल्शियमचा भार मूत्रपिंडांवर येतो. घरीच खाद्य बनवणाऱ्याने मात्र मॅंगनीज व जस्त असलेले कोंबडीचे प्रीमिक्स (खाद्यात घालायचे तयार मिश्रण) घ्यावे. मॅंगनीज कमी पडले, तर टाचेची कंडरा (शीर) सरकून पाय निकामी होतो, आणि नायसिनच्या कमतरतेशी त्याची गल्लत होते.

ड जीवनसत्त्वासाठी माशाच्या तेलाची गरज नाही. निफाडच्या थंडीत पिल्ले दोन-तीन आठवडे बल्बखाली कोंडली, तरी स्टार्टरमधील ड पुरते. ऊन चढल्यावर तासभर बाहेर काढली, तर उत्तमच. काचेआडचे ऊन मात्र या कामी येत नाही.

यीस्ट असो वा बाटली, बुरशी लागलेल्या मक्यापुढे किंवा भुईमुगाच्या पेंडीपुढे दोन्ही लंगडी पडतात. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष ओळखण्याच्या सुरुवातीच्या चाचण्यांत एक दिवसाची बदकपिल्लेच वापरली जात, इतकी ती या विषाला हळवी. पावसाळ्यात पोते फळीवर ठेवावे आणि पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणावे.

एखादे पिल्लू डुलू लागले, तर मात्र बाटलीची वेळ येते, कारण आजारी पिल्लू खाणे आधी सोडते, पाणी नंतर. ते वेगळे करून उथळ भांड्यात द्रावण द्यावे, दिवसातून दोनदा बदलावे, मात्रा पशुवैद्यकांना विचारून ठरवावी आणि बाकीच्या कळपाच्या खाद्यात त्याच दिवशी यीस्ट घालावे. सुरुवातीलाच उपचार झाले, तर पिल्लू काही दिवसांत चालू लागते. हाड वाकून आठवडे लोटले असतील, तर तो पाय सरळ होण्याची आशा धरू नये.