सांगलीत टर्नटेबलचं काम: रेकॉर्ड लावली की वूफर आत-बाहेर हलायचा, काकांनी स्पीकर न बदलता थांबवला

ज्यांच्याकडे टर्नटेबल आहे आणि रेकॉर्ड लावली की वूफरचा (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) उगाचच मोठाले झोके घेतो, म्हणजे गाण्यात बास नाही, ठेका नाही, नुसता तानपुरा चाललाय तरी कोन आपला आत-बाहेर, त्यांनी नवीन स्पीकर घ्यायच्या आधी हे वाचा. सांगलीत गणपती पेठेच्या आतल्या बाजूला एक काका आहेत, ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि जुने रेडिओ एवढीच कामं करतात. दुकानाला बोर्ड नाही आणि नाव-नंबर नेटवर टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय कारण हातात आधीच भरपूर कामं आहेत, त्यामुळे मी फक्त कामाबद्दल लिहितेय. पेठेत जुन्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे चौकशी केली की पत्ता मिळतो. माझ्याकडून पाचपैकी पाच. दोन गोष्टी खटकल्या त्यापण लिहिल्यात.

आधी माझ्याकडे काय आहे ते. जपानी डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल, एस आकाराचा आर्म, हेडशेल (सुई बसवायचं आर्मचं टोक) काढता येतं असा. जुना ॲम्प, त्यात फोनो इनपुट (टर्नटेबल जोडायची जागा) आणि टेप मॉनिटर (टेप इनला जोडलेलं ऐकायचं बटण) दोन्ही आहे. स्पीकर उभे, आठ इंची वूफर, मागे पोर्टचं भोक. घर गावभागात, पहिल्या मजल्यावर, खाली जुनी लाकडी फळ्यांची जमीन. रेकॉर्ड बहुतेक नाट्यसंगीत आणि किराणा घराण्याच्या, मिरज शेजारी असल्यावर दुसरं काय असणार, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तिथंच राहिले आणि हिराबाई बडोदेकरांचा जन्मही तिथलाच. या रेकॉर्ड वर्षानुवर्षं माळ्यावर पत्र्याखाली होत्या, त्यामुळे बऱ्याचशा पापडासारख्या वाकल्यात.

त्रास काय होता तर आवाज थोडा वाढवला की कोन इतका पुढे यायचा की भीती वाटावी, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे लांबवलेला स्वर हलायचा. षड्ज लावून ठेवलाय आणि तो जरासा थरथरतोय असं. ज्यांनी कधी किराण्याची गाणी ऐकलीत त्यांना कळेल की तिथे स्वर हलला की सगळंच गेलं. एका दुकानदाराने (सांगलीतला नाही, नाव लिहीत नाही) फोनवरच सांगून टाकलं की वूफरचे स्पायडर (कोनाला मागून धरून ठेवणारी जाळी) सैल झालेत, जोडीच बदला, आणि नवीन जोडीचा भावपण सांगितला.

काकांना फोन केला तर त्यांचं पहिलं वाक्य, "स्पीकर उचलून आणू नका ताई, खोली बघायला लागंल." पहिला स्टार त्यांना इथेच दिला. दुकानात टेबलावर ठेवून हे दुखणं सापडतच नाही, कारण निम्मं दुखणं घराच्या जमिनीत असतं.

घरी आल्यावर त्यांनी पेचकस बाहेरच काढला नाही. आधी म्हणाले मोबाईलवरनं तेच गाणं लावा, त्याच आवाजात. लावलं. कोन जागचा हलत नव्हता, जेवढा ठेक्याला हलायला पाहिजे तेवढाच. "हे बघा की, स्पीकर चांगलाय. जे काय येतंय ते सुईकडनं येतंय." एवढ्या साध्या गोष्टीवर नवीन जोडीचा खर्च वाचला.

मग त्यांनी कारण समजावलं, ते मी माझ्या भाषेत लिहिते कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी केलेला असतो, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूला फार थोडा वेळ मावेल. वाजवताना फोनो स्टेज (ॲम्पमधला रेकॉर्डसाठीचा भाग) तो बास परत वर उचलते. याचं आरआयएए नावाचं माप १९५४ पासून ठरलेलं आहे आणि १००० हर्ट्झच्या मानाने २० हर्ट्झला ते जवळजवळ १९ डेसिबल उचलतं, व्होल्टेजमध्ये म्हणाल तर नऊ पटीच्या वर. आता २० च्या खाली गाणं नसतंच, पण रेकॉर्डचा वाकडेपणा, मोटर-बेअरिंगची घरघर, जमिनीचा हादरा हे सगळं तिथेच असतं, आणि तेही तितकंच उचललं जातं. कानाला ऐकू येत नाही पण ॲम्प ते इमानदारीत स्पीकरला पाठवतो. त्यात आणि पोर्टवाले स्पीकर. बंद पेटीत आतली हवा कोनाला धरून ठेवते, पोर्टवाल्या पेटीत मात्र पोर्टच्या ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याच्या) खाली गेलं की हवा भोकातून नुसती ये-जा करते आणि कोनाला अडवणारं काही राहत नाही. तो मोकाट हलतो, ॲम्पची ताकद त्यात जाते, आणि हलणाऱ्या कोनावरच बाकीचं गाणं चाललेलं असतं म्हणून स्वर थरथरतो.

पुढची टेस्ट मला सगळ्यात आवडली आणि ही कुणीही घरी करू शकतं. प्लॅटर बंद ठेवायचा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवायची आणि आवाज हळूहळू वाढवायचा, हात व्हॉल्यूमवरच ठेवायचा. कोन शांत राहिला तर दोष रेकॉर्डमध्ये, आर्ममध्ये किंवा फिरणाऱ्या भागात. माझ्याकडे उलटं झालं, थोडा आवाज वाढवल्यावर एक घुमणारा आवाज स्वतःहून वाढायला लागला आणि काकांनी लगेच आवाज खाली घेतला. मग त्यांनी शोकेसवर बोटाने टकटक केलं तर स्पीकरमधून ढब ढब. खोलीत चालत गेले तर प्रत्येक पावलाला कोन हलला. म्हणजे स्पीकर जमिनीला हलवतोय, जमीन शोकेसला, शोकेस सुईला आणि सुई परत स्पीकरला. हे चक्र आधी तोडायला लागतं, बाकी सगळं नंतर.

उपाय एकदम आपल्याकडचा. जुन्या जाड भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर कडप्प्याची फरशी, फरशीखाली रबराचे तुकडे, त्यावर टर्नटेबल. जमिनीशी संबंधच संपला. भिंत कुठली घ्यायची हेही बघितलं त्यांनी, स्पीकरच्या मागची नाही, बाजूची. पातळी लावून सरळ केलं. धुळीचं झाकण वाजवताना काढून ठेवायला सांगितलं कारण ते पातळ प्लॅस्टिक खोलीतला आवाज झेलतं आणि बिजागरीतून थेट टर्नटेबलला देतं. यानंतर पावलांचा हादरा गेला, घुमणं गेलं, कोनाचं हलणं साधारण निम्म्यावर आलं. लाकडी जमीन असलेल्या जुन्या घरात राहणाऱ्यांनी बाकी काही केलं नाही तरी एवढं करावंच असं माझं ठाम मत आहे.

उरलेलं निम्मं रेकॉर्डचं. ३३⅓ ला एक फेरा १.८ सेकंदात होतो, आणि बाजूने बघितलं तर आर्म दर फेऱ्याला एकदा वर जाऊन खाली येताना दिसतो, कोनपण त्याच चालीवर. काकांनी त्यांच्याकडची एक सपाट रेकॉर्ड आणली होती, ती लावल्यावर हलणं जवळपास थांबलं. मग ॲम्पचं मोनो बटण दाबून माझीच वाकडी रेकॉर्ड लावली, तरीही कमी झालं. याचं कारण सुई वर-खाली झाली की दोन चॅनलमध्ये उलटसुलट सिग्नल येतो आणि मोनोमध्ये ते एकमेकांना खोडतात. ज्यांच्या ॲम्पला मोनो बटण आहे त्यांनी बघा, फुकटची खात्री होते. लाउडनेस (बास वाढवणारं बटण) बंद करूनही फरक पडला पण थोडाच.

पण वाकड्या लाटेच्या वर एक बारीक जलद थरथर पण होती आणि ती कार्ट्रिजची (ज्यात सुई बसलेली असते तो छोटा भाग). आर्मचं वजन आणि सुईची लवचिकता मिळून एक नैसर्गिक कंपन असतं, ते ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावं म्हणतात. त्याच्या खाली गेलं की वाकडेपणाच्या भागात शिरतं आणि प्रत्येक उंचवट्यावर आर्म नाचतो, वर गेलं की ऐकू येणाऱ्या बासच्या जवळ येतं. हिशोब सोपा आहे. आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईला जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करायची, तिला कंप्लायन्सने (सुईच्या लवचिकतेच्या आकड्याने) गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि १५९ ला त्याने भागायचं. माझं सगळं मिळून २५ ग्रॅम आणि कार्ट्रिजचा कंप्लायन्स २५, म्हणजे आलं ६.४ हर्ट्झ, सरळ लाटेच्या तोंडात. मी विचारलं हलकं हेडशेल लावलं तर? काकांनी तिथंच वहीत मांडून दाखवलं, पाच ग्रॅम कमी केले तरी ७.१ च येतं, पैसे वाया जातील. थोडं कडक, १२ कंप्लायन्सचं कार्ट्रिज लावलं तर त्याच वजनाला ९.२ येतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा, बऱ्याच जपानी कंपन्या कंप्लायन्स १०० हर्ट्झला मोजून देतात, तो आकडा तसाच घालायचा नाही, साधारण दीडपट ते दुप्पट धरायचा. हे दुकानात कुणी सांगत नाही.

आणि इथे काका जे बोलले त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहावासा वाटला. "सुई अजून चांगली आहे तुमची. ती संपू दे, मग कडक घ्या. आत्ता फिल्टर लावू." विकता आलं असतं कार्ट्रिज, विकलं नाही.

फिल्टर म्हणजे छोटी पत्र्याची पेटी, टीएल०७२ ही साधी आयसी, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर. २० हर्ट्झच्या खाली ऑक्टेव्हला (हर्ट्झ निम्मे झाले की दर वेळी) १८ डेसिबलने कापतो, म्हणजे १० हर्ट्झला १८ डेसिबल खाली आणि ५ ला ३६. दोन्ही चॅनलचे कपॅसिटर मीटरवर मोजून जुळवले, नाहीतर डावं-उजवं सारखं कापत नाही म्हणाले. माझा फोनो ॲम्पच्या आतच असल्यामुळे पेटी मध्ये कुठे घालणार हा प्रश्न होता, तर टेप आउटमधून सिग्नल बाहेर काढून फिल्टरमधून टेप इनला परत आणला आणि टेप मॉनिटर बटण दाबून ठेवायचं. जुना ॲम्प असलेल्या कुणालाही हे जमेल, ॲम्प उघडायची गरज नाही. काही जुन्या रिसीव्हरवर सबसॉनिकचं (असाच खालचा भाग कापणारं) बटण कंपनीनेच दिलेलं असतं, ते आधी शोधा.

आता फरक. कोन स्थिर. त्याच वाकड्या रेकॉर्डवर कोनाला बोट लावून बघितलं तर फक्त ठेका लागतो. स्वर सरळ उभा राहतो, तानपुरा मागे शांत पसरतो, आणि पूर्वी ज्या आवाजाला भीती वाटायची त्याच्या वर जाता येतं. बास कमी होईल अशी शंका मलापण होती म्हणून पेटीला बायपासचं बटण करून घेतलं आणि डग्ग्याचा घुमारा दोन्हीकडे ऐकून बघितला, काही गेलेलं नाही, डग्गा २० हर्ट्झच्या बराच वर असतो. उलट फिल्टरवर तो जास्त मोकळा वाटतो. ज्यांना सिग्नलच्या वाटेत काहीही नको असतं त्यांचं म्हणणं मला माहीत आहे, पण हलणारा षड्ज ऐकण्यापेक्षा मला दोन आयसी चालतील.

खटकलेलं पहिलं, वेळ. फिल्टर देतो म्हटलेल्या तारखेच्या बराच नंतर मिळाला आणि मधल्या काळात फोन उचलला जात नाही, पेठेत जाऊनच भेटायला लागतं. दुसरं, पेटीचं फिनिशिंग कच्चं आहे, कडा घासलेल्या नव्हत्या आणि ट्रान्सफॉर्मर आतच असल्यामुळे ॲम्पच्या शेजारी ठेवली की हलकी हम यायची. सांगितल्यावर ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डबीत घालून लांब वायरवर दिला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, पण हे आधीच करायला हवं होतं.

पैसे: घरी येऊन तपासणीचे ३००, फिल्टरचे १८००. कडप्पा आणि ब्रॅकेट मी वेगळे आणले.

वाकड्या रेकॉर्ड सरळ करायच्या का विचारलं तर इस्त्री, ऊन, ओव्हन यातलं काहीही करू नका म्हणाले, दोन जाड काचांच्या मध्ये सपाट ठेवून वरून सारखं वजन द्या आणि महिने जाऊ द्या, काही सुधारतात, काही नाही. बाकीच्या उभ्या ठेवा, पत्र्याखाली नको. माझ्या सगळ्या आता माळ्यावरून खाली आल्यात.

काकांकडे जाणार असाल तर वूफर हलतानाचा व्हिडिओ काढून न्या, आर्म आणि कार्ट्रिजचं मॉडेल लिहून न्या, ॲम्पच्या मागच्या बाजूचा फोटोपण घ्या. संध्याकाळी पाचनंतर असतात.