हौस स्टिअरिंगची, गरज डिकीची: कुटुंबाची गाडी निवडताना कशाला किती महत्त्व द्यावं

चालवण्याची हौस असलेला माणूस कुटुंबासाठी गाडी बघू लागला की त्याची नजर आधी हॉर्सपॉवरवर जाते आणि घरातल्या बाकीच्यांची डिकीवर. मग तडजोड म्हणून दोन्ही आकडे मोठे असलेली उंच एसयूव्ही दारात येते, आणि ती कोणालाच धड आवडत नाही. खरं तर चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यांना जे हवं असतं ते बऱ्याच अंशी एकच आहे: वळणात फार न कलणारी आणि खड्ड्यानंतर एका उसळीत शांत होणारी गाडी. पुढची सगळी तुलना याच कसोटीवर केली आहे. ताकदीचा नंबर त्यानंतर लागतो.

उंच एसयूव्ही की बुटकी हॅचबॅक आणि वॅगन

एकाच प्लॅटफॉर्मवरची, म्हणजे तळाचा सांगाडा सारखाच असलेली, हॅचबॅक आणि एसयूव्ही शेजारी उभ्या केल्या तर एसयूव्ही साधारण १०० ते २०० किलोंनी जड आणि पंधरा-वीस सेंटिमीटरने उंच भरते. गुरुत्वमध्य वर गेला की गाडी वळणात जास्त कलते. ते रोखायला कंपनी कडक स्प्रिंग आणि जाड अँटी-रोल बार घालते. हा बार डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जोडतो, त्यामुळे एकच चाक खड्ड्यात गेलं तरी हिसका दुसऱ्या बाजूलाही जातो आणि सगळी गाडी आडवी हलते. ‘स्पोर्टी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एसयूव्हीत मागच्यांची डोकी खिडकीकडे झुलतात ती यामुळेच. त्यात उंच सीटवरचं डोकं गाडी ज्या अक्षाभोवती कलते त्यापासून लांब असतं, म्हणजे तेवढ्याच कोनात त्याचा झोका मोठा.

मुलांना गाडी लागत असेल तर हा मुद्दा आणखी गंभीर होतो. मळमळ आणणारी हालचाल जोरदार नसते, मंद असते, ०.२ हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे पाच सेकंदांत एक असे झोके माणसाला सर्वांत जास्त त्रास देतात. असे झोके बहुतेकदा ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर आणि स्टिअरिंग यांच्या धसमुसळ्या वापरातून येतात, आणि डुलणारी गाडी त्यांत भर घालते. मागच्या खिडकीची खालची कडा किती उंचावर आहे तेही बघा. कूपेसारख्या उतरत्या छताच्या गाड्यांत ती कडा वर चढत जाते, मुलाला बाहेरचा रस्ता दिसत नाही, आणि डोळे एक सांगतात तर कानातली तोलाची यंत्रणा दुसरंच.

एसयूव्हीची बाजूही आहे. लहान मुलाला सीटवर बसवून पट्टा लावताना कंबरेत वाकावं लागत नाही, गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना चढ-उतार सोपी पडते, आणि कच्चा रस्ता रोजचा असेल तर ग्राउंड क्लिअरन्सला पर्याय नाही. यांपैकी एकही कारण लागू नसेल तर नुसत्या ‘रस्ता वरून दिसतो’ या सुखासाठी एवढं वजन वागवण्यात अर्थ नाही. सात जण नेहमी बसणार असतील तर सरळ एमपीव्ही (व्हॅनसारखी ऐसपैस गाडी) घ्या आणि हौस दुसऱ्या गाडीवर भागवा. एसयूव्हीच्या तिसऱ्या रांगेपेक्षा एमपीव्हीची तिसरी रांग बसण्यालायक असते आणि सरकता दरवाजा अडचणीच्या पार्किंगमध्ये सोन्याचा वाटतो.

डिकीच्या बाबतीत लिटरच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. तो आकडा खिडकीच्या कडेपर्यंतचा आहे की छतापर्यंतचा हे आधी तपासा. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या चौथ्या पिढीत डिकी ६०० लिटरची आहे, तिच्या वॅगनमध्ये (छत मागेपर्यंत लांबवलेल्या आवृत्तीत) ६४० लिटरची; त्याच एमक्यूबी प्लॅटफॉर्मवरच्या आठव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये सुमारे ३८०. म्हणजे उंची न वाढवता, नुसत्या मागच्या लांबीतून दोनशेहून जास्त लिटर मिळतात. सेडानची डिकी लिटरमध्ये भरपूर असली तरी तोंड अरुंद असतं: बाबागाडी आत मावते, पण झाकणाच्या फटीतून जात नाही. हायब्रिड किंवा फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्तीत डिकीचा तळ वर आलेला असतो आणि स्टेपनी बऱ्याचदा गायब असते. नेमकी तीच आवृत्ती उघडून बघा, शोरूममध्ये उभी असलेली नव्हे.

निवाडा द्यायचा तर दोन मुलं आणि हौशी चालक या घरासाठी वॅगन, ती मिळत नसेल तर ऑक्टाव्हियासारखी लांब शेपटीची हॅचबॅक.

हॉट हॅच की तिचीच साधी बहीण

१,३०० किलोंच्या गाडीत १५० हॉर्सपॉवर आणि १,७५० किलोंच्या गाडीत २०० हॉर्सपॉवर हे टनामागे जवळपास सारखंच पडतं, ११५ च्या आसपास. सरळ रस्त्यावर फरक कळणार नाही, ब्रेक दाबताना आणि वळणात लगेच कळेल. म्हणून आकडा वाढवण्याआधी वजन घटवा. चार माणसं आणि सामान मिळून ३०० किलोंची भर सहज पडते, तेव्हा साध्या इंजिनात २५० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (ओढण्याचा जोर) आणि तोही १,५०० ते ३,५०० आरपीएममध्ये मिळत असेल तर चढावर ओव्हरटेक करताना कुचंबणा होत नाही.

हॉट हॅच, म्हणजे साध्या हॅचबॅकची जास्त ताकदवान आवृत्ती, घेणार असाल तर आधी सीट मोजा. होंडा सिव्हिक टाइप आरच्या अलीकडच्या दोन्ही पिढ्यांत चारच सीट आहेत, मागे मधला पट्टाच नाही. गोल्फ जीटीआय किंवा ह्युंदाई आय३० एनमध्ये पाच आहेत. दुसरी अट अ‍ॅडॅप्टिव्ह डॅम्परची (कडकपणा बदलू शकणारे शॉक अब्झॉर्बर): ते ऐच्छिक असतील तर मोठ्या टचस्क्रीनच्या आधी त्यांवर पैसे घाला. एकाच कडकपणाचे स्पोर्ट डॅम्पर रिकाम्या रस्त्यावर एकट्याला मजा देतात, पण रोज शाळेच्या फेरीत मागच्यांची पाठ मोडतात.

चाकांचा आकार इथे सगळ्यात जास्त चुकतो. २०५/५५ आर १६ टायरची बाजूची भिंत ११३ मिलिमीटर असते, २२५/४५ आर १७ ची १०१, २२५/४० आर १८ ची ९०. तिन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, कमी होते ती धक्का शोषणारी रबराची उंची. १८ इंची चाक शोभतं, पण खड्ड्याच्या धारेवर रिम वाकणं आणि टायरच्या भिंतीला फुगा येणं हे ठरलेलं. कुटुंबाच्या गाडीला १७ इंच आणि त्यावर चांगल्या प्रतीचा टायर ही जोडी बहुतेक गाड्यांत बरोबर बसते. लहान चाकावर उतरताना ते ब्रेक कॅलिपरवर घासत नाही ना हे बघा आणि लोड इंडेक्स कमी करू नका: ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा हवेचा दाब वेगळा दिलेला असतो. सुट्टीवर निघताना तो भरत नाही म्हणून भरलेली गाडी मागून डुलते, आणि दोष सस्पेंशनला दिला जातो.

मागचं सस्पेंशन: टॉर्शन बीम की मल्टिलिंक

यावर वाद फार आणि फरक त्या मानाने थोडा. मल्टिलिंकमध्ये प्रत्येक मागचं चाक स्वतंत्र चालतं, वळणातच खड्डा आला तर मागची बाजू उडत नाही. पण प्रत्येक बाजूला चार-पाच दांडे आणि त्यांचे रबरी बुश असतात. ते झिजले की मागचे टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. टॉर्शन बीम म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा: स्वस्त, टिकाऊ, जागा कमी खाणारा. माझदाने २०१९ च्या माझदा ३ मध्ये मल्टिलिंक काढून टॉर्शन बीम घातला, आणि त्याच वर्षी रेनो मेगान आरएस ट्रॉफी-आरने टॉर्शन बीमवर नुर्बुर्गरिंग या जर्मन रेस ट्रॅकवर फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचा विक्रम केला. फोक्सवॅगन ग्रुपच्या बऱ्याच गाड्यांत कमी ताकदीच्या इंजिनाला बीम आणि १५० हॉर्सपॉवरपासून पुढे मल्टिलिंक मिळतो. दोन्ही चालवून फरक जाणवला तरच पैसे मोजा.

गिअरबॉक्स

मॅन्युअलचा आनंद निर्विवाद, पण एकच प्रश्न विचारा: गाडी घरात आणखी कोण चालवणार आहे, आणि रोजच्या रस्त्यावर थांब-चाल किती? अर्धा तास फर्स्ट-सेकंडमध्ये रांगायचं असेल तर क्लच आणि डावा पाय दोन्ही झिजतात. मॅन्युअल घ्यायचीच असेल तर ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्यातलं अंतर तपासा. ब्रेक दाबून ठेवलेल्या पावलाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटर गाठता आला नाही तर उतारावर गिअर खाली आणताना गाडी हिसका देणार.

ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा) हा सर्वांत निर्धास्त पर्याय. झेडएफची आठ गिअरची ८एचपी गिअरबॉक्स २००९ पासून वापरात आहे. तिच्यामुळे ‘ऑटोमॅटिक म्हणजे सुस्त’ हे म्हणणं जुनं झालं. ड्युअल क्लचमध्ये (दोन क्लच आळीपाळीने गिअर बदलतात) मात्र ड्राय आणि वेट हा फरक समजून घ्या. ड्राय क्लचला उष्णता काढून न्यायला तेल नसतं. वाहतूक कोंडीत गाडी इंच-इंच सरकवली की क्लच अर्धवट घसरत राहतो, तापतो, त्याच्या पृष्ठभागावर चकाकी येते आणि सुरुवातीला थरथर जाणवू लागते. फोर्डच्या फोकस आणि फिएस्टामधल्या अशा गिअरबॉक्सवरून अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक खटला भरला होता. ड्राय क्लचची गाडी असेल तर पुढे गाडीभर जागा होऊ द्या आणि मग ब्रेक पूर्ण सोडून पुढे जा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक वापरा. फोक्सवॅगन ग्रुपची सात गिअरची डीक्यू २०० ड्राय आहे आणि २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या इंजिनांना लावतात. डीक्यू ३८१ वेट आहे. वेट क्लच जास्त सोसतो, पण त्याचं तेल आणि फिल्टर वेळेवर बदलावं लागतं.

सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) मागच्यांना सुखाची, कारण गिअर बदलल्याचा हिसकाच नाही. चालवणाऱ्याला मात्र आवाज आधी आणि वेग नंतर मिळतो. हौशी माणसाने ती घेऊ नये. स्वस्त एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त गिअर यंत्र बदलतं) तर दोघांच्याही कामाची नाही: गिअर बदलताना ताकद तुटते, माना पुढे झुकतात.

पेट्रोल, डिझेल, हायब्रिड, वीज

रोजची फेरी दहा-बारा किलोमीटरची असेल तर डिझेलकडे बघूच नका. डीपीएफ या एक्झॉस्टमधल्या फिल्टरात साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापावा लागतो, त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग चाल हवी. ती मिळाली नाही की फिल्टर तुंबतो. लांबच्या पल्ल्याला मात्र भरलेल्या गाडीत डिझेलचा टॉर्क सुखावतो. पुढचं नाक थोडं जड लागतं एवढंच.

लहान टर्बो पेट्रोल हा सरासरी उत्तम पर्याय. त्यात वरच्या गिअरला, अगदी कमी आरपीएमवर पाय पूर्ण दाबायची सवय घातक: सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. एपीआय एसपी दर्जाचं तेल या त्रासाची चाचणी घेऊनच प्रमाणित होतं, तेच वापरा, आणि चढावर एक गिअर खाली या.

विजेच्या गाडीत बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली असतो आणि कलणं कमी, पण वजन साडेसतराशे किलोंच्या पुढे सहज जातं. ते टायरच्या झिजेत आणि खड्ड्यातल्या दणक्यात दिसतं. एकाच पेडलने चालवायची सवय नसलेल्या चालकाने पाय झटकन उचलला की गाडी ब्रेक लागल्यासारखी मागे ओढली जाते, आणि मागची मुलं हिरवीपिवळी होतात. रीजनरेशन (पाय उचलल्यावर गाडी मंदावून बॅटरी चार्ज करणारी सोय) सर्वांत कमी पातळीवर ठेवून सुरुवात करा. हायब्रिडमध्ये ब्रेक पेडलचा स्पर्श तपासा: थांबताना ताशी पाच-दहा किलोमीटरच्या वेगाला यांत्रिक ब्रेक लागतो तेव्हा हिसका येतो का?

टेस्ट ड्राइव्ह अशी घ्या

मुलाची घरातली कार सीट आणि बाबागाडी सोबत न्या. चालकाची सीट स्वतःच्या मापाला लावा, स्टिअरिंग स्वतःकडे ओढा, खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. मग तुमच्या सीटच्या पाठीमागे, मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी कार सीट बसवा. बहुतेक हॅचबॅक इथेच नापास होतात. आयसोफिक्सचे, म्हणजे मुलाची सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक बऱ्याच गाड्यांत मागच्या दोन टोकांच्या सीटनाच असतात. तीन मुलं असतील तर तिन्ही सीट प्रत्यक्ष शेजारी लावून मधल्या पट्ट्याचं बक्कल हाताला लागतं का बघा.

चालवताना गाडीत चार जण हवेत. तुटक्या रस्त्यावर ताशी ३०-४० किलोमीटरने जा: उंचवटा ओलांडल्यावर गाडी एकदा उसळून बसली तर डॅम्पिंग बरोबर, दुसऱ्यांदा डोलली तर मऊ, आणि अजिबात न उसळता ठण्‌कन आदळली तर कडक. लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांत गाडी स्टिअरिंगबरोबर वळते की मागून येते ते पाहा. खरखरीत डांबरावर ९० च्या वेगात मागच्यांशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. परतीची फेरी मागच्या सीटवर बसून करा. हे जवळजवळ कोणी करत नाही.

नवी साधी की जुनी जोरकस

तीन-चार वर्षं जुनी वेगवान वॅगन मोहात पाडते, आणि तो मोह चुकीचा नाही. फक्त डॅम्परवर तेलाची ओल, मागच्या टायरची आतली कड आणि ब्रेक डिस्कच्या कडेला आलेली धार बघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार चाकांवर चार कंपन्यांचे टायर असतील तर आधीच्या मालकाने देखभालीत काटकसर केली असावी, म्हणून गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची पावती हट्टाने मागा. ती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्या, आणि अर्धा तास गर्दीत चालवून गाडी पूर्ण तापल्यावर चढावर पुन्हा थांबवून सुरू करा. क्लचची थरथर थंड गाडीत सहसा लपून राहते.