पद्मिनी खोलायची कुठं: भाड्याच्या घराचं अंगण का उद्यमबागेतली शेड?

आमची पद्मिनी म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार, १०८९ सीसी, स्टेअरिंगला गियर असलेली. बेळगावात टिळकवाडीत भाड्यानं राहतोय, म्हणून दुरुस्तीला अंगणातच खोलू का उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, शेडचा कोपरा घेऊ, हाच घोळ चाललाय.

अंगणात रात्री जेवून झालं की तासभर हात मारता येतोय, कार्बोरेटर खोलला, जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) फुंकून साफ केले, नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यात चिठ्ठी लावून ठेवले, काय अडत नाही. पण शहाबादी फरशीवर ऑइल सांडलं आणि घरमालक काकांना एकदम डिपॉझिट आठवलं, तेव्हापासून खाली पत्रा आणि भुसा. (पेट्रोलच्या वासावर बायको काय बोलते ते इथं नको.)

शेडचं भाडं वेगळं, जायला-यायला वेळ वेगळा, पण वेल्डिंग करा, ग्राइंडर लावा, कोण विचारत नाही, आणि लेथवाले, फाउंड्रीवाले तिथंच, बुश (दांड्याभोवती बसणारी धातूची नळी) करून घ्यायचा तर चालत जा. शिवाय आपला पाऊस! जूनला लागला की ताडपत्रीखालचा गाडीचा उघडा पत्रा बघता बघता गंजून लाल, आमच्या गाडीचा फ्लोअर असाच गेला, स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार.

मी तर इंजिनची बारीक कामं अंगणात ठेवणार, पत्रा आणि पेंट शेडमधीच. आणि काकांना विचारल्याशिवाय जॅक लावायचा नाही.