मारिया थेरेसा थालर: साल विसरा, नाणं बघा

मोठं, जाड, परदेशी चांदीचं नाणं हातात धरून त्यावरचं नक्षीकाम निवांत बघायचं असेल आणि खिसाही फार रिकामा करायचा नसेल, तर ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा थालरइतका चांगला सौदा क्वचितच मिळतो. अट एकच. ते जुनं म्हणून घेऊ नका.

नाण्यावर साल आहे 1780, आणि विकणारा पहिलं बोट त्या सालावरच ठेवतो. सम्राज्ञी मारिया थेरेसा 29 नोव्हेंबर 1780 ला वारली. तिच्यामागे हेच साल, हाच चेहरा ठेवून नाणं पाडलं जात राहिलं आणि व्हिएन्नाची टांकसाळ ते आजही विकते. त्यामुळे साल बघून वय कळत नाही. कुणी ‘अडीचशे वर्षांचं’ म्हणून चांदीच्या तिप्पट भाव सांगितला, तर तो अडाणी आहे की लबाड हे शोधत बसू नका, पुढे चला.

साल गोठलं त्याला कारण व्यापार. इथिओपिया, येमेन, ओमान या भागातले व्यापारी हाच चेहरा ओळखायचे आणि त्यावरच विश्वास ठेवायचे. ऑस्ट्रियात हे नाणं 1858 ला चलनातून गेलं, पण लाल समुद्राच्या दोन्ही काठांवर पुढे जवळपास शंभर वर्षं चाललं. 1935 मध्ये इथिओपियावर स्वारी करताना मुसोलिनीच्या इटलीने व्हिएन्नाकडून साचे मिळवले आणि रोममध्ये नाणी पाडली. मग लंडन, पॅरिस, ब्रसेल्स इथल्या टांकसाळीही उतरल्या. दुसऱ्या महायुद्धात 1940 पासून आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही ही नाणी पडली आणि तीही थोडीथोडकी नाही, पावणेदोन कोटींच्या वर. पण त्यावर मुंबईची कसलीही खूण नाही. सगळ्यांवर तीच अक्षरं, तेच साल. पाड ओळखायची ती खांद्यावरच्या ब्रोचचे मोती, गरुडाच्या शेपटीची पिसं आणि अक्षरांमधले ठिपके जाणकार संदर्भचित्रांशी ताडूनच. म्हणून ‘मुंबईचं आहे, हजार रुपये जास्त’ असं कुणी म्हटलं, तर हा फरक भिंगाखाली दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर जास्तीचे पैसे कशाचे?

आता माप. वजन 28.07 ग्रॅम, म्हणजे जवळपास 2.4 तोळे. राणीछाप रुपया तोळाभराचा, त्यावरून हे तळहातावर केवढं जड लागेल ते समजेल. चांदी 83.3 टक्के, बाकी तांबं; शुद्ध चांदी सुमारे 23.4 ग्रॅम. व्यास साधारण 40 मिलिमीटर. घासलेल्या नाण्यात थोडी तूट चालते, पण नव्याकोऱ्या दिसणाऱ्या नाण्याचं वजन 27.5 भरलं तर परत द्या.

वजन जुळलं म्हणून नाणं खरं, असंही नाही. बनावट नाणं जाड करून वजन जुळवता येतं. घनता मात्र जुळवणं अवघड. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं सोडा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर 2.75 च्या आसपास आकडा यायला हवा. 28.07 ला 2.75 ने भागलं की 10.2 येतं, या मिश्रणाची घनता तेवढीच. 3.1 किंवा त्याहून जास्त आकडा दिसला तर आत पितळ नाहीतर तांबं-निकेल आहे. बुडबुडे नाण्याला चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. नंतर साध्या पाण्याने धुवा आणि न घासता मऊ कापडाने टिपून घ्या.

चाचणीपेक्षाही आधी कड बघा. कडेवर उठावाची अक्षरं आहेत: ‘युस्टिटिया एट क्लेमेंटिया’, न्याय आणि दया, आणि मध्ये वेलबुट्टी. कोरलेली नव्हे, उठावाची. साच्यात ओतलेल्या नकली नाण्यावर हीच अक्षरं लोण्यासारखी गोल होतात किंवा कडेवरून एक बारीक शिवण फिरलेली दिसते. फोटो बघून घेत असाल तर कडेचा वेगळा फोटो मागा. तो पाठवायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

छापाची बाजू. राणीच्या डोक्यावरून जी ओढणी येते, ती विधवेची. नवरा फ्रान्सिस 1765 ला गेला, त्यानंतरची ही प्रतिमा. मुखवटा भरलेला, हनुवटीखाली मांस, आणि खांद्यावर मोत्यांचं ब्रोच, खालच्या ‘एस. एफ.’ या दोन अक्षरांत ग्युन्झबर्ग (आजच्या जर्मनीतलं गाव) इथल्या टांकसाळीच्या शॉबल आणि फाबी या अधिकाऱ्यांची आडनावं दडली आहेत. दहापट भिंग लावून आधी ब्रोच बघा. चांगल्या पाडीत प्रत्येक मोती सुटा उठतो, झिजलेल्यात सगळे मिळून एक गोळा होतो. म्हणूनच लाल समुद्राकाठचे व्यापारी मोती तपासूनच नाणं घेत.

काट्याच्या बाजूला दोन तोंडांचा गरुड आणि छातीवर ढाल. इथे अक्षरांची एक मजा आहे. ऑस्ट्रियाच्या नावात ‘यू’च्या जागी रोमन ‘व्ही’ आहे, पण शेजारच्याच ‘डुक्स’ या शब्दात साधा ‘यू’. एकाच ओळीत दोन रीती, आणि ही विसंगती शतकानुशतकं तशीच उतरत आली. सालानंतरचा तिरपा क्रॉस ही नंतर ठोकलेली खूण नाही, मूळ आराखड्यातच आहे.

व्हिएन्नाकडून दोन प्रकार मिळतात: साधं आणि आरशासारखं पॉलिश केलेलं प्रूफ. आमचं मत साध्याच्या बाजूने. प्रूफचा चित्राभोवतीचा सपाट भाग इतका चमकतो की केसांच्या बटा आणि ओढणीच्या चुण्या बघायला दर वेळी नाणं तिरपं करावं लागतं. वर बोटाचा एक ठसा उमटला की तो कायमचा. दागिन्यातून काढलेलं नाणं घेत असाल तर डोक्याच्या वर, बाराच्या जागी बघा. येमेनी-इथिओपियन हारांत कडी तिथेच जोडतात, आणि झाळाचा डाग घासून लपवलेला असतो. असं नाणं चांदीच्या भावातच घ्यावं. हेजाझचा (आजच्या सौदी अरेबियाचा पश्चिम किनारा) शिक्का वरून मारलेली नाणी सुरुवातीला टाळा, त्यात बनावट शिक्के भरपूर.

ठेवायला 40 मिलिमीटरची कॅप्सूल, म्हणजे कडक प्लॅस्टिकची गोल डबी घ्या. बाजारातली मऊ, वास येणारी पीव्हीसी पाकिटं नकोत. पावसाळ्यात त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर येतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं बुडवून निघतो (नेलपेंट काढायचा द्रव नव्हे, त्यात तेल असतं). आणि चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका. समईला चालतं ते इथे चालत नाही. एकदा घासलं की मोत्यांवर केसासारखे ओरखडे येतात, ते भिंगाखाली पुढे कायम दिसत राहतात.

परदेशातून मागवणार असाल तर चांदीच्या आयातीचे त्या दिवशीचे नियम आणि सीमाशुल्क आधी बघा. इथल्याच विक्रेत्याकडून घेत असाल तर त्या दिवसाच्या चांदीच्या एका ग्रॅमच्या भावाला 23.4 ने गुणा, त्यावर वाजवी नफा धरा आणि मगच घासाघीस सुरू करा.