नैराश्य: गोळी घ्यावी की योगाला जावं?

माझ्या थोरल्या भावाला नैराश्य आलं तेव्हा सांगलीत आमच्या घरी दोन तट पडले. वहिनी म्हणे, मिरजेला मानसोपचारतज्ज्ञाला दाखवू. मामांचं म्हणणं, "कृष्णाकाठी पहाटे प्राणायाम करू दे, गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत." दादा मात्र दहा वाजेपर्यंत भिंतीकडं तोंड करून पडलेला. हळदीच्या अडतीवर महिनाभर गेला नव्हता.

पुराव्याचं वजन गोळ्यांच्या बाजूला आहे. 2018 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 522 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. 21 औषधं, एक लाख सोळा हजारांवर रुग्ण. सगळी औषधं नकली, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक बेताचाच. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र दुसऱ्याच दिवशी हजर. लैंगिक इच्छा कमी होते, हे तर बरेच जण डॉक्टरांना सांगतच नाहीत, परस्पर गोळी सोडून देतात.

मामांची भीती अर्धीच खरी. या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात वीज सळसळल्यासारखं वाटतं. दादाला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या त्यानं बरं वाटताच कुणाला न सांगता बंद केल्या. धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात, हळदीनं पिवळी पडलेली अर्धी पट्टी निघाली, तेव्हा कुठं आम्हाला त्या आठवड्यातल्या भांडणांचा उलगडा झाला. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवून मग हळूहळू कमी करायच्या असतात.

योगाचे अभ्यास आहेत, पण छोटे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतला, 2000 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेहमी पुढं केला जातो. तीव्र नैराश्याचे 45 दाखल रुग्ण, तीन गट, चार आठवडे. लक्षणं ओसरली ती विजेच्या झटक्यांच्या उपचारानं (ईसीटी) 93 टक्के, इमिप्रामिन गोळीनं 73 टक्के आणि सुदर्शन क्रिया या श्वासाच्या योगप्रकारानं 67 टक्के जणांची. योगवाले 67 सांगतात, 93 गाळतात. गोळीवाल्यांनीही फार खूश होऊ नये, कारण गटात 15च जण होते. म्हणजे 73 आणि 67 यांतला फरक अवघ्या एका माणसाचा! शिवाय नकली गोळी देता येते, नकली योग कसा देणार? करणाऱ्याला ठाऊक असतंच.

'योगानं मेंदू वाढतो' हे व्हॉट्सॲपवर आलं असेल, तर त्यामागच्या एका अभ्यासात सातच ज्येष्ठ नागरिक होते, एवढं लक्षात असू द्या.

माझ्या मते माणूस आज किती खचलाय त्यावर निवड ठरते. योगाला रोज उठून बसावं लागतं, आणि तीव्र नैराश्य नेमकी तीच ताकद हिरावून घेतं. जेवणझोप गेली असेल तर आधी डॉक्टर. जीव द्यायचे विचार येत असतील तर क्षणभरही थांबू नका, टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. त्रास सौम्य असेल, कामधंदा सुरू असेल, तर योगापासून सुरुवात करायला हरकत नाही. पूर्वी कधी उन्मादाचा (नैराश्याच्या उलट, अतिउत्साहाचा) झटका येऊन गेला असेल तर मात्र गोळीवाल्यालाही सांगा आणि कपालभाती शिकवणाऱ्यालाही.

दादाच्या गोळ्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केल्या. दीड महिन्यानं तो आपणहून अंघोळीला उठला, त्यानंतरच आम्ही योगवर्गात नाव घातलं. महागडी मॅट घ्यायच्या भानगडीत पडू नका, घरची सतरंजी चालते.