निर्वात नळ्या की पन्हळी आरसे: कारखान्यासाठी सौर उष्णता निवडताना

प्रक्रियेसाठी लागणारी उष्णता सूर्याकडून घ्यायची हे ज्यांचे ठरले आहे आणि ज्यांच्या टेबलावर एक कोटेशन निर्वात नळ्यांचे, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबचे, आणि दुसरे पॅराबोलिक ट्रफचे, म्हणजे सूर्यामागे फिरणाऱ्या पन्हळी आरशांचे, अशी दोन कोटेशने पडून आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी दोन्ही वापरले आहेत. आधी चार वर्षे नळ्या, आणि विस्ताराच्या वेळी आरसे. मोजणीचे तक्ते माझ्याकडे नीट ठेवलेले नाहीत, त्यामुळे पुढचे मत हाताळण्यातून आलेले आहे, एवढे लक्षात घेऊन वाचावे.

दोन्हींची तुलना करण्याआधी उष्णता नेमकी कुठे घालायची ते ठरवावे लागते, आणि बहुतेक निराशा इथेच जन्माला येते. नळ्यांचे गरम पाणी बॉयलरच्या फीडवॉटरला, म्हणजे बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याला, जोडणे सर्वांत सोपे असते, म्हणून तेच सुचवले जाते. पण पाणी २५ अंशांवरून ८५ अंशांपर्यंत नेण्यास किलोमागे सुमारे २५० किलोज्यूल लागतात, तर त्याच पाण्याची ७ बार दाबाची वाफ करायला एकूण २,६५० च्या वर. म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी इंधनाचा जेमतेम दहावा हिस्सा वाचतो, आणि कंडेन्सेट, म्हणजे वापरून झालेल्या वाफेचे पाणी, गरम परत येत असेल तर तेवढाही नाही. उलट कित्येक ठिकाणी १७० अंशांची वाफ तयार करून ती लांबवर नेली जाते, आणि शेवटी तिने तापवायचे असते ते ६० अंशांचे धुण्याचे टाके. तेव्हा वाफेच्या पाइपसोबत शेवटच्या टोकापर्यंत एकदा स्वतः चालत जावे. आमच्याकडे टाक्यांचे खरे तापमान कुणालाच ठाऊक नव्हते, प्रत्येक जण जुन्या फलकावरचा आकडा सांगत होता. थर्मामीटर घेऊन फिरल्यावर निम्म्याहून अधिक टाक्यांना वाफेची गरजच नव्हती असे दिसले.

अशा टाक्यांना थेट उष्णता द्यायची असेल तर नळ्यांची बाजू भक्कम आहे. हलणारा भाग नाही, मोटर नाही, दिशा साधण्याची कटकट नाही. आभाळ दुधाळ असले तरी विखुरलेला प्रकाश त्या पकडतात, आणि तशा दिवशी पन्हळी आरसे जवळजवळ निरुपयोगी असतात, कारण त्यांना केवळ थेट किरणच एका रेषेवर आणता येतात. देखभालही डोळ्यांनी करता येते: नळीच्या टोकाशी असलेला चंदेरी थर पांढरट झाला की निर्वात गेला असे समजावे आणि ती नळी बदलावी. चार वर्षांत हे काम मला कधी जड गेले नाही.

जड गेली ती साप्ताहिक सुट्टी.

कारखाना बंद असतो त्या दिवशी टाक्यांना उष्णता नको असते, पण सूर्य काही सुट्टी घेत नाही आणि नळ्यांना बंद करण्याचे बटण नसते. साठवण टाकी कमाल तापमानाला पोहोचली की पंप थांबतो, आतला द्रव जागच्या जागी तापत राहतो, आणि चांगल्या उन्हात नळीचे तापमान २०० अंशांच्या पलीकडे जाते. द्रवाची वाफ होते, ती उरलेला द्रव एक्स्पान्शन टँककडे, म्हणजे फुगलेला द्रव सामावून घेणाऱ्या टाकीकडे, ढकलते, आणि तो पुरेसा मोठा नसेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. हिवाळ्यात नळ गोठतात अशा जागी पाण्यात ग्लायकॉल हे गोठण रोखणारे द्रव्य मिसळावे लागते, आणि तेच या तापाने हळूहळू नासते. ते तपकिरी होते, आम्लधर्मी बनते, गाळ धरते. सुट्टीनंतरच्या सकाळी दाब उतरलेला, लाइनमध्ये हवा भरलेली, आणि जमिनीवर चिकट डाग, हे दृश्य माझ्या इतके परिचयाचे झाले होते की मी ते नोंदवणेही सोडून दिले. भर म्हणजे द्रव पुन्हा भरायचा तर तो सूर्योदयापूर्वी. तापलेल्या रिकाम्या नळ्यांत थंड द्रव सोडला की वाफेचे दणके बसतात, आणि पाणी थेट काचेतून फिरणारी रचना असेल तर नळ्याच तडकतात. म्हणून आठवड्याच्या पहिल्या दिवशी मी अंधारात कामावर पोहोचत असे.

यावर उपाय नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पंप थांबताच सगळा द्रव आपोआप खाली उतरवणारी ड्रेनबॅक रचना हा त्यांतला सर्वांत शहाणा उपाय आहे. मात्र तीत प्रत्येक पाइपला उतार हवा, आणि पुष्कळ नळ्यांची अंतर्गत मांडणी अशी असते की त्या पूर्ण रिकाम्या होतच नाहीत. सपाट पत्र्याच्या संग्राहकांना, म्हणजे काचेखालच्या काळ्या पत्र्यावर ऊन झेलणाऱ्या पेट्यांना, ती तुलनेने बरी जमते. जादा उष्णता पंख्याने हवेत सोडणारा कूलरही बसवता येतो, परंतु मोठा खर्च करून मिळवलेली उष्णता वीज खर्चून फेकून देण्यात मला समाधान वाटले नाही. आम्ही ताडपत्र्याही वापरून पाहिल्या. पहिल्याच वाऱ्यात त्या उडाल्या.

पन्हळी आरशांचा हा प्रश्न एका हालचालीत सुटतो: उष्णता नको असली की आरसा सूर्यापासून फिरवायचा. माझ्या दृष्टीने बाकी सगळ्या बाबी यानंतर येतात. १५०-१७० अंशांची उष्णताही मिळते, मग वाफेच्याच लाइनला जोडणी करता येते आणि कुठल्या टाक्याला किती हवी हा हिशेब सैल होतो. कल्पना नवीही नाही. अमेरिकी संशोधक फ्रँक शुमन यांनी १९१३ मध्ये कैरोजवळच्या मादी येथे अशाच आरशांच्या पाच रांगांवर वाफ करून नाईलचे पाणी शेतीसाठी उपसून दाखवले होते.

आरशांचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. आरशावरची धूळ प्रकाश नुसता अडवत नाही, तो विखुरते, आणि विखुरलेला किरण आरशासमोरच्या, द्रव वाहून नेणाऱ्या नळीवर पोहोचतच नाही, त्यामुळे काचेच्या नळ्यांपेक्षा इथे धुणे अधिक वेळा आणि अधिक मन लावून करावे लागते. ओमानमधील मिराह या तेलक्षेत्रासाठी वाफ करणाऱ्या सौर प्रकल्पात आरशांच्या रांगा काचघरांत ठेवण्यामागे वारा आणि धूळ हेच कारण आहे. शिवाय फिरत्या जोडांतून गळती, वारा वाढला की आरसे मिटवून ठेवणे, आणि १७० अंशांचे पाणी द्रवरूपात ठेवण्यासाठी सांभाळावा लागणारा सुमारे ८ बारचा दाब. हे सारे खरे आहे. तरीही धुण्याचे काम मला सोयीच्या वेळी, माणसे हजर असताना करता येते. नळ्यांचे काम माझी सोय पाहत नव्हते.

माझा कल कुठे आहे हे आता लपलेले नाही, पण तो सर्वांना लागू पडावा असा आग्रह नाही. चिलीच्या वाळवंटातील गाब्रिएला मिस्त्राल तांब्याच्या खाणीत २०१३ पासून सुमारे ३९ हजार चौरस मीटरचे सपाट, न फिरणारे संग्राहक तांबे वेगळे करण्याचे द्रावण तापवण्याचे काम करत आहेत. तिथे मागणी कमी तापमानाची आणि रोजची आहे. आपले कामही सातही दिवस चालत असेल, गरज ८० अंशांच्या आत असेल, किंवा वर्षातला बराच काळ आभाळ धूसर असेल, तर नळ्या किंवा सपाट संग्राहक घ्यावेत आणि माझी कुरकुर विसरावी.

आरसे घेणार असाल तर विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: भर दुपारी वीज गेली तर आरसा सूर्यावरून कसा हटतो? सूर्य ४ मिनिटांत १ अंश सरकतो, त्यामुळे किरणांची रेषा थोड्या वेळाने आपोआप ढळते, परंतु पंप बंद पडलेल्या नळीसाठी तेवढा वेळही पुष्कळ असतो. आमच्या पहिल्या आराखड्यात त्यासाठीची बॅटरी नव्हती. ती आम्ही मागून बसवून घेतली.